नाळ कोणी कापायची

त्या उन्हाळ्यात मला एका जागी बसवत नव्हतं. जेवता जेवता उठून मी दारात जाऊन यायची. दारात काही नसायचं. समोरच्या लिंबाखाली बांधलेली एक शेळी आणि नालीच्या ओलीत पसरलेलं कुत्रं. परत येऊन ताटावर बसले की माय म्हणायची, या पोरीच्या पायाला भिंगरी लागली, हिला एकदा दाव्यानं बांधा. मी मॅट्रिक पास झाले होते. आमच्या गल्लीतली पास झालेली पहिलीच पोरगी, त्यामुळं माझं पुढं काय करायचं हे ठरवायचा हक्क साऱ्या गल्लीला मिळाला होता. दळण टाकायला गेलं तर गिरणीवाला पट्टा चढवता चढवता विचारायचा, मास्तरीण व्हनार का ग्रामसेविका? शेजारची म्हातारी म्हणायची, आता हिला नवरा बी शिकेल पाह्यजे, म्हंजे झाली का तकलीफ. मी सगळ्यांना एकच उत्तर द्यायची, लोकांच्या उपयोगी पडायचंय. आज त्या उत्तराचं हसू येतं. कोणाच्या, कसं, कशानं, यातलं मला काहीही ठाऊक नव्हतं, आणि ठाऊक नाही हेही ठाऊक नव्हतं. नुसती आतून घाई होती.

हिंगोलीत कोर्टाच्या मागच्या अंगाला आमच्या दोन खोल्या होत्या. वडलांना आम्ही दादा म्हणायचो. ते कोर्टात चपराशी होते. साहेबांच्या दाराशी उभं राहून पक्षकारांच्या नावाचा पुकारा करायचा, हे त्यांचं मुख्य काम. त्यांचा आवाज असा होता की वारा आमच्याकडचा असला तर कोणाचा खटला निघाला ते मायला चुलीपाशी कळायचं. घरी आले की तोच माणूस हळू बोलायचा. पितळेच्या बिल्ल्याचा पट्टा खुंटीला टांगायचा, पाय धुवायचे आणि भाकरीवर जवसाची चटणी अन् वाटीत येसराची आमटी घेऊन दिवसभराचे खटले सांगत जेवायचं. कोणत्या वकिलानं काय विचारलं, साक्षीदार कुठं अडखळला, साहेब कशावर हसले, सगळं तोंडपाठ. त्या दिवसांत माय कुरडयांच्या मागं लागलेली होती. भिजत घातलेल्या गव्हाचा आंबूस वास घरभर भरलेला, आणि पातेल्यात चीक रटरटत असायचा. त्यातला वाटीभर चीक गूळ घालून आधी दादांना. मग ते म्हणायचे, आमची पोरगी काळा कोट घालून उभी ऱ्हाईल, तव्हा पुकारा म्याच करीन.

म्हणजे दादांचं ठरलेलं होतं. मी इथल्याच कॉलेजात आर्ट्सला जायचं, राज्यशास्त्र घ्यायचं, बी.ए. व्हायचं आणि मग कायदा शिकायचा. आर्ट्सचा फॉर्म त्यांनी कधीच आणून ठेवला होता आणि त्याला घडी पडू नये म्हणून दोन पुठ्ठ्यांत धरून दोऱ्यानं बांधला होता. त्यांचं म्हणणं सरळ होतं, "आपल्या मानसायला आजार कमी अन् अन्याव जास्त. तुला उपयोगी पडायचं ना? मंग कायद्यानं पड." त्यावर मला बोलता येत नव्हतं, कारण ते खरंही होतं. आणि तरी तो फॉर्म पाहिला की मला उठून कुठंतरी चालत सुटावंसं वाटायचं.

याचं कारण अन्नम्मा सिस्टर. त्याआधीच्या हिवाळ्यात मायच्या तळहाताला मोठं गळू झालं होतं, आणि पट्टी बदलायला मी तिला रोज सरकारी दवाखान्यात न्यायची. तिथं केरळहून आलेली ही सिस्टर होती. काळी, ठेंगणी, सदा घाईत, आणि मराठीशी तिचा काही संबंध नव्हता. तिच्या हिंदीला आमच्या गावातली हिंदीसुद्धा हसायची. पण तिनं मायचा हात हातात घेतला की माय कण्हायची थांबायची. मी रोज तिथं घुटमळते हे पाहून एक दिवस तिनं माझ्यापुढं कापसाची गुंडाळी टाकली आणि म्हणाली, खाली क्यों खड़ा है, ये बनाओ. त्या दिवसापासून मी कापसाचे बोळे करायला लागले. गळू बरं झालं तरी मी जातच राहिले. निकाल लागल्यावर तिनं औरंगाबादच्या नर्सिंगच्या शिक्षणाचा फॉर्म मागवून दिला. शेवटच्या पानावर पालकाची सही हवी होती.

दादांनी तो फॉर्म शांतपणे पूर्ण वाचला आणि माझ्याकडं परत सरकवला. चिडले असते तर बरं झालं असतं. ते म्हणाले, "रगत, घान, बाळंतपन हे आपल्या बायकांनी पिढ्यान् पिढ्या काढलं. कोनी आवडीनं काढलं न्हाई. गावानं काढाया लावलं. दीक्षा घेतल्यावर आमी शब्द देऊन ते सोडलं. अन् तू मॅट्रिक होऊन, फॉर्म भरून, परत त्याच्यातच जाऊन राहिली?" मी म्हणाले, सिस्टर तर आपल्यातल्या नाहीत, त्याही करतात. ते म्हणाले, तिला ते काम करायला कोणी सांगतलं न्हाई, म्हणून तिला ते शोभतं. मी रडले, भांडले, एक दिवस जेवले नाही. मायनं दोन्ही बाजूंनी बोलून पाहिलं आणि मग दोघांवरही वैतागून मला चार दिवस साखऱ्याला, तिच्या मोठ्या बहिणीकडं पाठवून दिलं. फॉर्मची मुदत संपायला तेव्हा दोन आठवडे होते. मी तो पिशवीत तळाशी घालून नेला, कशासाठी ते सांगता येणार नाही.

साखऱ्याची ही चंद्रामावशी म्हणजे त्या भागातली शेवटची सुईण. तिची आई सुईण, आजी सुईण. पण ते काम कसं चालायचं हे आताच्या वाचकाला सांगायला हवं, नाहीतर पुढचं कळणार नाही. गावातल्या मोठ्या घरांत बाई अडली की आमच्या वस्तीतून सुईणीला बोलावणं यायचं. तिनं मागून, गोठ्यातून आत यायचं. मूल कोणीही झेलो, नाळ मात्र तिनंच कापायची, कारण तो विटाळ घरातल्या कोणी घ्यायचा नाही. ती येईपर्यंत मूल तसंच नाळेसकट पडून. मग तिच्या पदरात वरून जवारी टाकायची, एखादं जुनं लुगडं द्यायचं, आणि ती गेली की तिच्या वाटेवर सडा घालायचा. पाचवीला त्याच घरात तिला उंबऱ्याच्या बाहेर बसावं लागायचं. दीक्षेनंतर वस्तीतल्या लोकांनी पंचशीलेच्या झेंड्याखाली जमून एकेक काम सोडलं. मेलेलं ढोर ओढणं सोडलं, भाकर मागणं सोडलं, आणि बायकांनी नाळ कापणं सोडलं. मावशीनं त्या दिवशी शब्द दिला आणि नंतर ती फक्त वस्तीतल्या बाळंतपणांना जायची. तिला कोणी विचारलं तर म्हणायची, हात शिवशिवतेत पर शब्द शब्द हाये.

मी गेल्याच्या तिसऱ्या दिवशी, दुपारी, मावशी परातीत पीठ मळत होती आणि मी नेहमीसारखी आतबाहेर करत होते. वस्तीच्या तोंडाशी शेषराव येऊन उभा राहिला. गावातल्या बऱ्यापैकी शेतीवाल्या घरचा तिशीतला माणूस, डोक्याला काही नाही, पायात काही नाही. त्याची बायको कौसल्या सकाळी बाळंत झाली होती. मूल आलं, पण जार, म्हणजे वार, पडली नव्हती आणि रक्त थांबत नव्हतं. नाळ तशीच होती. घरात त्याची आई आणि कौसल्येच्या दोन जावा होत्या, पण हात लावायला कोणी तयार नव्हतं. पुसेगावच्या दवाखान्यात गाडी जुंपून माणूस पाठवला होता, तो कधी येईल ठाऊक नाही. हे सगळं त्यानं मान खाली घालून सांगितलं. मावशीनं पीठ मळणं थांबवलं नाही. वस्तीतली पाचसात माणसं जमली. त्यातले वयस्कर लक्ष्मणमामा, ज्यांनी त्या वेळी सगळ्यांकडून शब्द घेतला होता, ते म्हणाले, घरात तीन बाया असून लेकरू भुईवर पडलं, तर ते आमच्यावर कसं येतं?

ते बरोबर होतं. आणि तिकडं एक माझ्याच वयाची पोर रक्त जाऊन मरत होती, हेही तितकंच खरं होतं. मला त्या घराचा संताप आला, मामांचा आला, मावशीच्या त्या पिठाचाही आला. मी चपला पायात सरकवल्या आणि म्हणाले, मी जाते, मी काही शब्द दिलेला नाही. मावशीनं तेव्हा पहिल्यांदा वर पाहिलं. "अन् जाऊन काय करशील?" मी म्हणाले, बघते काय करता येतं ते. तिनं हाताचं पीठ निपटून काढलं, उठली आणि शेषरावाला म्हणाली, "मी येते. पर म्होरल्या दारानं येनार. बाईला हात लावीन, जार पाडीन. नाळ म्या कापनार न्हाई. ती तुज्या मायनं कापायची. कबूल असंल तर चल." शेषरावानं एकदा मागं गावाकडं पाहिलं. मग म्हणाला, चला माय. लक्ष्मणमामांनी तोंड फिरवलं, पण अडवलं नाही.

आम्ही ओसरीवरून, पुढच्या दारानं आत गेलो. शेषरावाची आई दारातच होती. आम्हाला तिकडून येताना पाहून तिनं तोंड उघडलं, तेवढ्यात आतून कण्हण्याचा आवाज आला, आणि ती बाजूला झाली. बाळंतिणीच्या खोलीत अंधार आणि ओव्याच्या धुराचा घुसमटणारा वास होता. मूल गोणपाटावर पडलेलं, अंगावर फडक्याचा तुकडा, रडून रडून थकलेलं. दोन्ही जावा भिंतीला पाठ लावून तोंडाला पदर धरून उभ्या. कौसल्या पांढरी पडली होती. तिच्याखालच्या रक्तानं भिजलेल्या चवाळ्याकडं मी पाहिलं, आणि तरी मी बाहेर पळाले नाही याचाच मला मोठा अभिमान वाटला. मी शेषरावाकडून दाढीचं नवं पान, म्हणजे ब्लेड, मागितलं, पांढरा दोरा मागितला, पाण्याला आधण आणायला सांगितलं. हे सिस्टरचं पाहून मला ठाऊक होतं. दोन जावा माझ्या सांगण्यावरून धावायला लागल्या तशी मी आणखी चढले.

आणि मग मी ते केलं. आधण येईपर्यंत मला राहवेना. शाळेतल्या आरोग्याच्या पुस्तकात मी नाळेचं चित्र पाहिलं होतं. एक टोक मुलाला, दुसरं टोक आत जारेला. मग अडलंय कुठं, असा मी विचार केला, ओढली की येईल. मी वाकले आणि नाळ धरली. धरली आणि जोर लावायला सुरुवातही केली. मावशीनं इतक्या जोरात माझ्या हातावर फटका मारला की माझी बांगडी फुटली. "वढू नको. मरंल बाई," एवढंच ती म्हणाली, आणि मला खांद्यानं बाजूला सारून बसली. खोलीतल्या सगळ्या बायका माझ्याकडं पाहत होत्या.

पुढची चाळीस वर्षं मी बाळंतपणाच्या खोल्यांत काढली. तशी ओढलेली नाळ काय करते, गर्भाशय कसं बाहेर येतं, किती मिनिटांत बाई हातची जाते, हे मी शिकले आणि शिकवलं. दरवर्षी नव्या मुलींना मी हा प्रसंग सांगायची, एका उतावळ्या मुलीची गोष्ट म्हणून. ती मुलगी मी होते हे आज पहिल्यांदा लिहिते आहे. लोकांच्या उपयोगी पडायच्या हौसेपायी मी कौसल्येला मारलं असतं, आणि घरी जाऊन म्हणाले असते की गावानं मारलं.

मावशीनं घाई केली नाही. म्हातारीला म्हणाली, लेकरू उचल अन् तिच्या छातीला लाव, नाळ तानू देऊ नको. म्हातारीचे हात पुढं येऊन थांबले. "नातू हाये का न्हाई तुजा?" मावशीनं विचारलं. म्हातारीनं मूल उचललं. ते चोखायला लागलं, आणि मावशी कौसल्येचं पोट वरून हळूहळू मळत राहिली, घरी पीठ मळत होती त्याच तालात. मग तिनं कौसल्येच्या वेणीचं टोक तिच्याच तोंडात घालायला लावलं. कौसल्येला उमासा आला, पोट आवळलं, पुन्हा एकदा आवळलं, आणि जार पडली. मावशीनं ती उलटसुलट करून नीट पाहिली, पूर्ण आहे का म्हणून. मला काही सांगितलं नाही, पण मी पाहते आहे याची तिनं खात्री करून घेतली. मग उकळलेला दोरा आणि पान म्हातारीपुढं ठेवलं. इथं बांध. चार बोटं सोडून इथं बांध. घट्ट. आता मधी काप. म्हातारीनं दोन्ही गाठी मारल्या, पान उचललं. तिनं नाळ कापली. नंतर ती आपल्याच हातांकडं बराच वेळ पाहत बसली, आणि काय झालं कोणास ठाऊक, एकदम रडायला लागली. जावा तिला धरायला आल्या तर तिनं त्यांना शिव्या दिल्या, सकाळधरनं हुभ्या ऱ्हायल्या रांडांनो, अन् मी बी हुभी ऱ्हायले.

निघताना शेषरावानं जवारीची पायली आणि नवं लुगडं पुढं केलं. मावशी म्हणाली, लुगडं बाळंतिनीला नेसव. संध्याकाळी मामा आणि वस्तीतली माणसं तिला जाब विचारायला आली. ती म्हणाली, नाळ कोणी कापली ते त्या म्हातारीला जाऊन विचारा. तरी दोन घरं तिच्याशी पोळ्यापर्यंत बोलली नाहीत, आणि ते तिला लागलं. त्या रात्री मला मात्र तिनं एकच गोष्ट विचारली, "तुला शिकायचं तरी हाये का नुस्तं पळायचं हाये?" मी म्हणाले, शिकायचं आहे. ती म्हणाली, मंग बापाला सांग.

घरी आल्यावर मी दादांना सगळं सांगितलं, माझी चूकसुद्धा. मला वाटलं ते चूक धरून बसतील. त्यांनी साक्षीदाराला विचारावं तसं मला विचारलं. कोणत्या दारानं गेलात? पुढच्या? आत कोण होतं? पान कोणाच्या हातात होतं? बांधलं कोणी? मी सांगितलं ते त्यांनी पुन्हा पहिल्यापासून सांगायला लावलं. शेवटी म्हणाले, चंद्राबाई शहाणी हाये, पर ते चंद्राबाईचं झालं, तुजं काय? आणि पट्टा खांद्यावर टाकून कोर्टात गेले. मुदत चार दिवसांवर आली. मी घरातल्या घरात इतक्या फेऱ्या घातल्या की मायनं मला कुरडया राखायला उन्हात बसवलं.

मुदतीच्या आदल्या दिवशी दादा दुपारीच घरी आले. असं कधी व्हायचं नाही. अर्ध्या दिवसाची रजा काढून ते अन्नम्मा सिस्टरच्या दवाखान्यात गेले होते. पोट दुखतंय म्हणून चिठ्ठी फाडून बाकावर बसले होते, आणि नंबर आला तरी मागच्याला पुढं सोडत तीन तास बसले होते. हातात कडू औषधाची बाटली होती. मायनं विचारलं, खरंच दुखतंय का? ते म्हणाले, न्हाई, पर देलं तर घ्यावं लागंल. मग पाय न धुताच खाली बसले आणि माझ्याकडं पाहून सांगू लागले. "पाटील आला, त्यानं हात म्होरं केला. मारवाडी आला, त्यानं केला. भटजी आला. एकानं बी इचारलं न्हाई, ती कोन. ती बस म्हनती तव्हा बसतेत, जीभ दाखव म्हनली की दाखवतेत. माजा बी हात धरला तिनं. माजं नाव चुकीचं लिव्हलं, पर हात बराबर धरला." त्यांनी बाटली खाली ठेवली. मग विचारलं, तुज्याम्होरं बी असाच हात धरतील? मी म्हणाले, धरावा लागेल दादा. पण आधी मला शिकावं लागेल.

त्यांनी फॉर्म मागितला. मी पिशवीतून काढला तेव्हा तो पार चुरगळलेला होता, ते पाहून ते मला बोलले. पाटावर हातानं सपाट करून, शेवटच्या पानावर, कोर्टात पोचपावतीवर करतात तशी त्यांनी सावकाश सही केली आणि शाई वाळेपर्यंत फुंकर घालत राहिले. मग बाही वर सारून त्यांनी उजवा हात माझ्यापुढं धरला. "बघ बरं," म्हणाले.

मी तीन बोटं त्यांच्या मनगटावर ठेवली. काही लागेना. जरा वर सरकवली, जरा खाली. इतके दिवस मी सिस्टरच्या शेजारी उभी होते आणि बोटं नेमकी कुठं ठेवायची हे मला येत नव्हतं. मी बोटं उचलून पुन्हा ठेवली.

"सापडंना, दादा."

"सापडंल की," दादा म्हणाले, आणि हात तसाच माझ्यापुढं धरून बसले.